गणूशेठच्या गळ्यातला चंदनाचा हार

शकुंतला बाबुराव रोकडे ह्या बाईंनी आयुष्यात दोन गोष्टी जीव ओतून केल्या. उंबरखारच्या बालवाडीत दोन पिढ्यांना हाताची घडी घालून बसायला शिकवलं, आणि एक सूड उगवला. पहिल्या कामाबद्दल निवृत्तीच्या दिवशी शाल, श्रीफळ आणि महिन्याभरात बंद पडलेलं भिंतीवरचं घड्याळ मिळालं. दुसऱ्याबद्दल कोणी काही दिलं नाही. पण तेव्हापासून गावातला भलाभला माणूसही त्यांच्याशी बोलताना दोन पावलं मागे सरकून बोलतो, आणि शकूबाईंच्या मते शालीपेक्षा ह्यात ऊब जास्त आहे.

दिसायला बाई अगदी बिनधोक. चण लहान, फिकट निळी सुती साडी, चष्म्याला दोरी. आवाज मात्र पोरांच्या कलकलाटावर तासून तयार झालेला. उंबरखारात आज जे पोट सुटलेले, गॉगल लावलेले, बुलेटवर फिरणारे बाप्ये आहेत, त्या सगळ्यांची नाकं शकूबाईंनी कधी ना कधी पुसलेली आहेत. असल्या माणसाचा सूड कसा असतो हे गणूशेठला आधी कळलं असतं, तर त्याने नाक्यावर कारंजंच बांधलं असतं.

उंबरखार म्हणजे ठाकुर्लीला उतरून खाडीच्या अंगाला गेलं की लागतं ते. रिक्षावाल्याला नाव सांगितलं की तो विचारतो, "टॉवरवालं की गाववालं?" टॉवरवाल्यात स्विमिंग पूल आहे. गाववाल्यात विहीर होती, ती बुजवली. गाववाल्याचेही पुन्हा दोन भाग : अलीकडे पाटीलआळी, पलीकडे पंचशीलनगर. मधे नाका, आणि नाक्यावरच्या शिरीषाखाली एक दगड.

हा दगड कमरेएवढा, काळा, वरून गोलसर. पहिली मोठी लढाई, म्हणजे पहिलं महायुद्ध, संपल्यावर इंग्रज सरकारने तो तिथे बसवला. त्यावर कोरलेलं होतं : 'या गावातून एकोणीस माणसे लढाईस गेली. त्यांपैकी तिघांनी प्राण दिले.' बस, एवढंच. नाव एकाचंही नाही. साहेबाला माणसं मोजता येत होती, नावं काही जिभेवर चढत नव्हती. जेवढं झेपलं तेवढं त्याने कोरलं. त्या एकोणिसांतले बरेचसे पंचशीलनगरच्या बाजूचे होते आणि इराकात बसऱ्याला गेले होते, एवढं म्हातारी माणसं सांगत. त्यापुढे विचारलं तर तीही तंबाखू मळायला लागत.

गावाने आपल्या परीने दगडाचा मान राखला. म्हशींनी त्याला पाठ घासली, पानवाल्याच्या गिऱ्हाइकांनी त्याला चुन्याची बोटं पुसली आणि पोरांनी त्याचा स्टंप केला. दगडाचा स्टंप असला की दांडी उडत नाही आणि बाद झालेला मरेपर्यंत कबूल होत नाही. त्यामुळे उंबरखारात काही सामने अजून चालूच आहेत असं म्हणतात.

मग सत्त्याऐंशी सालच्या ऑक्टोबरात शकूबाईंचा पाठचा भाऊ रत्नदीप गेला. तो फौजेत होता. श्रीलंकेत शांतता राखायला म्हणून जे सैन्य गेलं त्यात तो गेला आणि जाफन्याजवळ त्याला गोळी लागली. तेवीस वर्षांचा होता. आपलं सैन्य तिकडे का गेलंय हे तेव्हा निम्म्या डोंबिवलीला माहीत नव्हतं, आणि उरलेल्या निम्मीला नीट सांगता येत नव्हतं. त्यामुळे मिरवणूक नाही, भाषण नाही. तार आली. पाठोपाठ पत्र्याची ट्रंक आली.

बाबुराव रोकडे, म्हणजे शकूबाईंचे वडील, रेल्वेच्या कारखान्यात फिटर. फार न बोलणारा माणूस. ते एक दिवस उठले, खाणीवर गेले आणि एका पाथरवटाला घेऊन आले. त्याच्या डोक्यावर छत्री धरून दिवसभर नाक्यावर उभे राहिले. साहेबाच्या ओळीखाली त्याने अक्षरं पाडली : शिपाई रत्नदीप बाबुराव रोकडे, जाफना.

"खोल घे बाबा," बाबुराव म्हणत होते. "आणखी खोल घे."

त्यानंतर बालवाडीत जाता-येता शकूबाई त्या अक्षरांवरून एक बोट फिरवत. थांबायचं नाही, रडायचं नाही, चालता चालता फक्त बोट फिरवायचं. लोक खिडकीतून कुलूप लागलंय ना बघतात, तसं. लग्न राहून गेलं, वडील गेले, केस पांढरे झाले. बोट फिरवायचं काही राहिलं नाही.

आता गणूशेठ. हा पाटीलआळीचा. शाळेत रत्नदीपच्या बाकावर बसायचा, आणि त्याचीच पाटी बघून लिहायचा. पुढे भाताच्या खाचरांतून टॉवर उगवले, तसा गणूचा गणूशेठ झाला. मनाने माणूस वाईट नव्हता. कोणाच्या मयताला पहिला, कोणाच्या हळदीला शेवटपर्यंत. फक्त त्याला एक आजार होता. मोकळी जागा दिसली की तिथे त्याला आपला फोटो दिसायचा. त्यात आता निवडणुकीला उभं राहायचं घाटत होतं. आपल्याकडे उभं राहण्याआधी काहीतरी सुशोभित करावं लागतं. तलाव झाले होते, स्मशानही झालं होतं. नाक्यावरचा दगड तेवढा उरला होता.

पावसाळ्याच्या तोंडाला नाक्याभोवती हिरवं कापड लागलं. आत काय चाललंय ते कोणाला दिसेना. स्मारकाचं डिझाइन ऋतुराजने केलं, हे मात्र सगळ्यांना कळलं, कारण ऋतुराज स्वतःच सांगत सुटला होता. ऋतुराजचं फ्लेक्सचं दुकान. आसपासच्या चार गावांतला वाढदिवस त्याच्या हातून गेल्याशिवाय साजरा होत नाही. पंधरा ऑगस्टला हिरवं कापड पडलं आणि नाक्यावर जमलेल्या गर्दीने 'आ' केला.

काळ्या ग्रॅनाइटची भली मोठी पाटी. चकाचक, तोंड बघून घ्यावं अशी. मागे भिंत, वर तिरंगी लायटिंग, बाजूला 'आय लव्ह उंबरखार'ची लाल अक्षरं आणि त्यांच्यासमोर सेल्फी काढणाऱ्यांसाठी कठडा. आणि पाटीवर? ऋतुराजने आयुष्यभर जे केलं तेच केलं होतं. वाढदिवसाची फाइल उघडली होती आणि मजकूर बदलला होता. वरती ओळीने नेते, टिकलीएवढे. मधोमध हात जोडून उभे गणूशेठ, दरवाजाएवढे, मिशीचा केस न् केस मशीनने कोरून काढलेला. त्यांच्या डोक्यावर कमानीत टपोऱ्या अक्षरांत 'वीर जवान अमर रहे'. आणि अगदी तळाशी, जिथे वाढदिवसाला शुभेच्छुकांची नावं येतात तिथे, मित्र मंडळ, रिक्षा संघटना आणि महिला बचत गट ह्यांच्या रांगेत, मुंगीएवढ्या अक्षरांत : 'रत्नदीप रोकडे (कारगिल)'.

शकूबाई खाली वाकल्या. चष्मा पुसून पुन्हा वाकल्या. शिपाई गेलं होतं, वडील गेले होते, जाफना गेलं होतं. भाऊ गेल्यावर बारा वर्षांनी जी लढाई झाली, तिथे त्याला नेऊन मारलं होतं. आणि तोही गणूशेठचा शुभेच्छुक म्हणून.

गणूशेठ पेढा घेऊन पुढे आला. "काय शकूबाय, जालं ना भावाचं नाव अमर? लायटिंग बघितलीस? राती बघ, डोळं दिपतील."

"आणि जुना दगड कुठाय, गणू?"

"तो? फोडला. जुनाट झालेला ना. आपल्या टॉवरच्या पार्किंगमधी भराव चाललाय, तिकडं गेला." एवढं बोलून त्याने पेढा त्यांच्या हातावर ठेवला आणि तो पुढच्या माणसाकडे वळला.

शकूबाईंनी पेढा खाल्ला. पूर्ण खाल्ला. त्यांना नीट ओळखणारा कोणी तिथे असता तर तो त्याच क्षणी गाव सोडून टिटवाळ्याला राहायला गेला असता. बालवाडीतही त्या रागावल्या की आधी एकदम गप्प व्हायच्या आणि मग हळू, गोड आवाजात नाव घ्यायच्या.

संध्याकाळी सगळ्यात धाकट्या भावाची मुलगी प्रीती आली. ती वर्तकनगरला राहते, ठाण्याच्या कोर्टात वकिली करते. तिने फोनवर पाटीचा फोटो बघितला होता आणि ती रिक्षातच दोन वेळा रडली होती.

"आत्या, अर्ज करू. माहिती मागवू. पाटी लावायची परवानगी कोणी दिली, सगळं बाहेर काढते मी. तीन-चार वर्षं लागतील, पण न्याय मिळेल."

"मिळेल गं," शकूबाई भाजी निवडत म्हणाल्या. "पण मला न्याय कुठे हवाय?"

"मग?"

"मला त्याला तडफडताना बघायचंय."

प्रीतीने आत्याकडे नीट पाहिलं. आत्या शांतपणे गवारीचे दोर काढत होती.

"आत्या, बुद्ध काय म्हणतात…"

"ते फार मोठे होते. मी बालवाडीची बाई. तू चहा टाक."

दुसऱ्या दिवशी सकाळी शकूबाई कल्याणला गेल्या. शिवाजी चौकाच्या आसपास पूजेच्या सामानाची दुकानं आहेत, तिथून त्यांनी एक हार आणला. झेंडूचा नव्हे. झेंडूचा हार सत्काराला चालतो, उद्घाटनाला चालतो, नव्या गाडीलाही चालतो. त्यांनी आणला चंदनाच्या काड्यांचा हार, मधे मधे सोनेरी जर, तळाला गोंडा. हा हार कुठे घालतात हे महाराष्ट्रात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. घराच्या बाहेरच्या खोलीत, दाराच्या वर, ट्यूबलाइटच्या शेजारी जी माणसं लटकतात, त्यांच्या गळ्यात. ह्याला कोमेजणं नसतं, कारण घालून घेणाऱ्याला बदलायची घाई नसते.

नाक्यावर परतून, स्टुलावर चढून शकूबाईंनी तो पाटीवरच्या गणूशेठच्या गळ्यात घातला. खाली एक मेणबत्ती लावली आणि हात जोडून, डोळे मिटून दोन मिनिटं उभ्या राहिल्या.

पानवाला धावत आला. "मावशी, अवो, हे काय करताय? शेठ जित्ते आहेत!"

"वर काय लिहिलंय वाच."

पानवाल्याने वाचलं.

"आणि त्याच्याखाली फोटो कोणाचा आहे?"

पानवाल्याने बघितलं आणि टोपी काढली. शकूबाई त्याच्याही बाई होत्या.

रोकड्यांच्या घरातल्या नजर, अपशकुन, भूत-पिशाच्च ह्या सगळ्या मंडळींना आजोबांनी धर्मांतराच्या वर्षी खाडीत सोडून दिलं होतं. शकूबाईंना हार म्हणजे काड्या आणि दोरा. पण गणूशेठ असा माणूस होता की मांजर आडवं गेलं तर फॉर्च्युनर मागे घेऊन वळसा घालून जायचा. ज्या शस्त्राची आपल्याला भीती नाही आणि समोरच्याला आहे, ते हातात धरायला किती हलकं असतं हे शकूबाईंना त्या आठवड्यात कळलं.

पुढच्या सोमवारी त्या बालवाडीत गेल्या. नवी बाई दीप्ती त्यांचीच विद्यार्थिनी. शकूबाईंनी 'मुलांना देशभक्ती शिकवायला नेते' म्हटल्यावर तिने हाताची घडीच घातली. चिमुरडी मंडळी एकमेकांचा शर्ट धरून नाक्यावर आली. पाटीसमोर ओळ लागली.

"हे कोण?" शकूबाईंनी विचारलं.

"वीऽऽर जवान!"

"वीर जवान काय झाले?"

"अऽऽमर झाले!"

"म्हणजे कुठे गेले?"

सगळ्यांनी बोटं आभाळाकडे केली. नेमकी त्याच वेळी फॉर्च्युनर आली आणि गणूशेठ काच खाली करून बघू लागला. ओळीतल्या एका पोरीने पाटीकडे बघितलं, गाडीकडे बघितलं आणि असा टाहो फोडला की दुसऱ्या टोकापर्यंत सगळी ओळ रडायला लागली. "भूऽऽत!" गणूशेठने काच वर केली. त्याला त्या दिवशी जेवण गेलं नाही.

त्याने हार काढायला माणूस पाठवला. माणसाने हार काढला, आणि संध्याकाळपर्यंत टॉवरवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर बोंब उठली : 'शहीद के स्मारक का अपमान!' टॉवरवाल्यांना बिचाऱ्यांना काय माहीत कोण शहीद आणि कोण शेठ. त्यांनी पाटी वाचली होती आणि पाटीवर विश्वास ठेवला होता. रविवारी ते बायकापोरांसकट मेणबत्त्या घेऊन आले. कोणीतरी बासरी वाजवली. आणि एकाच्या जागी सात चंदनाचे हार पडले. गणूशेठला गच्चीवरून सगळं दिसत होतं. खाली जाऊन 'अहो, मी जिवंत आहे' म्हणावं, तर मग वीरांच्या पाटीवर तुम्ही काय करताय, हे कोणीतरी विचारणार. माणूस स्वतःच्या श्रद्धांजलीत असा अडकला की ना मरता येईना ना जगता.

तो फोटो फिरत फिरत टिटवाळ्याला पोचला. तिथे गणूशेठची थोरली बहीण लक्ष्मी दिलेली. ती टेम्पो करून, सोबत सासरच्या बायका घेऊन, नाक्यापासूनच गळा काढत आली. "माझा गणू रंऽऽ! माझा सोन्या रंऽऽ!" ओट्यावर गणूशेठ पोहे खात बसला होता. तिने त्याला बघितलं, आणि सुटकेने त्याच्या पाठीत असा धपाटा घातला की पोहे नाकातून आले.

"मेल्या, जित्ता हायेस तं हार कशाला घालून घेतलास!"

सप्टेंबरात त्याचा वाढदिवस आला. ऋतुराजने सवयीने फ्लेक्स लावला, तोही नाक्यावरच. आता एका बाजूला 'दीर्घायुष्य लाभो' आणि दुसऱ्या बाजूला तेच हात, तीच मिशी, सात हार. येणारेजाणारे दोन्हीकडे बघत आणि विचारात पडत. मग पितृपक्ष लागला. टॉवरमधे कावळ्यांना पान ठेवायला जागा कुठे? शकूबाईंनी एका म्हाताऱ्या कुलकर्ण्यांना नुसतं सुचवलं, "नाक्यावर शिरीष आहे, कावळे भरपूर. आणि स्मारकही आहे, पवित्र जागा." दुसऱ्या दिवसापासून गणूशेठच्या पायाशी वडे-खिरीची पानं मांडली जाऊ लागली. कावळे यायचे, पाटीच्या वरच्या कडेवर रांगेने बसायचे, आणि जेवण झालं की गणूशेठच्या चेहऱ्यावर ढेकर द्यावी तसं काहीतरी करायचे.

गणूशेठने पाटी फोडायचं ठरवलं. गवंडी आला, पाटीकडे बघून कानाला हात लावला. "जित्त्या मानसाच्या तोंडावर छिन्नी? नाय हां शेठ. मना लेकरं हायेत." दुसरा आला, तोही गेला. तिसऱ्याने हातोडा उचलला आणि तेवढ्यात त्याला शिंक आली.

ह्या सगळ्या दिवसांत शकूबाईंना झोप फार छान लागत होती. प्रीतीने एकदा विचारलं, "आत्या, जरा जास्त नाही होत?" तर म्हणाल्या, "त्याने माझ्या बापाचं काम भरावात घातलं. त्यावर आता गाड्या उभ्या राहतात. मी अजून सुरुवातीलाच आहे." हे त्या हसत म्हणाल्या, म्हणूनच प्रीतीने पुन्हा विचारलं नाही.

सर्वपित्रीच्या दुपारी गणूशेठ पंचशीलनगरात आला. गाडीने नव्हे, चालत, आणि बायको शेवंतीला पुढे घालून. इतकी वर्षं नेत्यांसाठी मतं मागायची वेळ सोडली, तर तो ह्या गल्लीत आला नव्हता. दारात चपला काढल्या. त्याचं वजन चांगलंच उतरलं होतं. खरं सांगायचं तर त्याला ते शोभत होतं.

शेवंतीने बसायच्या आधीच पदर पसरला. "बाय, मना झोप नाय गो. हे झोपलं का मी नाकासमोर हात धरून बघते, सास चाललाय का नाय. तुजा राग ह्यांच्यावं हाय, माज्या कुंकवावं नको काढू."

शकूबाई एकदम चपापल्या. शेवंतीवर त्यांचा राग नव्हता. त्यांनी तिला पाणी दिलं, पाठीवर हात ठेवला. मग गणूशेठकडे वळल्या तेव्हा त्याच हाताची मूठ वळलेली होती.

"बोल."

"शकूबाय, चुकलं माझं. उद्या मशीन लावून रत्न्याचं नाव कोरतो. एवढं मोठं. सोनेरी करतो."

"कुठे कोरणार? तुझ्या कपाळावर?"

गणूशेठचा हात नकळत कपाळाकडे गेला.

"नवी पाटी नको. तीच पाटी भिंतीवरून काढायची आणि उलटी करून लावायची. मागची खडबडीत बाजू पुढे."

"आनि माझा फोटो?"

"भिंतीकडे तोंड. बालवाडीत मी हीच शिक्षा द्यायचे. तुझ्या दोन्ही पोरांनी भोगली आहे, विचार."

शेवंतीने मान डोलावली. खरंच होतं ते.

"फोडायची गरज नाही, छिन्नी नको, अपशकुन नको. बरं? मग कोणाची लायटिंग नको, नेते नकोत, सौजन्य नको. आणि नाव कोरायचं नाही. लिहायचं. काळ्यावर पांढऱ्या रंगाने. तुझ्या हाताने, खाली बसून, सगळ्यांसमोर."

"मी? शकूबाय, माझं अक्षर…"

"माहितेय. सातवीपर्यंत माझ्या भावाचं बघून लिहीत होतास. आता न बघता लिही."

गणूशेठने शेवंतीकडे बघितलं. शेवंतीने डोळे असे वटारले की त्याने मान हलवली.

रत्नदीपचा दिवस ऑक्टोबरातला. त्या सकाळी नाक्यावर पाटीलआळी होती, पंचशीलनगर होतं, टॉवरवालेही आले होते, जरा गोंधळलेले, कारण आपण एवढे दिवस मेणबत्त्या कोणासाठी लावल्या हे त्यांना नुकतंच कळलं होतं. पाटी उलटी बसली होती. मागची बाजू बिनपॉलिशची, करडी-काळी, हाताला खरखरीत. पाटीपेक्षा दगड जास्त. लाल अक्षरं आणि कठडा गेले होते. रंगाचा डबा, ब्रश, रॉकेलची वाटी घेऊन शकूबाई उभ्या होत्या.

गणूशेठ उकिडवा बसला. बसताना त्याच्या गुडघ्यांचा आवाज टॉवरपर्यंत गेला.

"आधी वरची ओळ," शकूबाई म्हणाल्या. "या गावातून एकोणीस माणसे लढाईस गेली."

त्याने लिहिलं. ओळ डावीकडून निघाली ती उजवीकडे पोचेपर्यंत खाडीच्या दिशेने उतरली होती.

"तिघांनी प्राण दिले."

"त्यांची नावं?"

"कोणाला माहीत नाहीत. तीन रेघा ओढ. सरळ ओढ. माणसं होती ती."

गणूशेठने तीन रेघा ओढल्या. का कोण जाणे, त्या मात्र सरळ आल्या. गर्दीत कोणीतरी नाक ओढलं.

"आता खाली. शिपाई."

'शि' लिहिताना त्याने ब्रश दोन्ही हातांनी धरला. घाम कपाळावरून डोळ्यात जात होता. शकूबाई त्याच्या मागे उभ्या राहून, बालवाडीत उभ्या राहायच्या तशाच, एकेक अक्षर सांगत होत्या. "पोट गोल काढ. काना लांब. 'त्न' जोडून. घाई करू नकोस, कुठे जायचंय तुला?" गणूशेठने 'रत्नदीप' पुरं केलं आणि थांबला. मग मागे न बघता हळूच म्हणाला, "शकूबाय, फौजेत जायच्या दिवशी ह्याच नाक्यावं मी त्याला रिक्षात बसवलेला. बोल्ला, गण्या, आता पाटी कोणाची बघशील रं."

शकूबाईंना हे माहीत नव्हतं. इतक्या वर्षांत कोणी सांगितलं नव्हतं. आता आपल्याला ह्याची दया येईल, असं त्यांना वाटलं, आणि त्यांनी थोडी वाटही बघितली. पण ती आली नाही. उलट आला तो नवाच राग : एवढं ठाऊक असून ह्याने दगड फोडला!

"लिही," त्या म्हणाल्या. "बाबुराव."

त्याने बाबुराव लिहिलं, रोकडे लिहिलं. शेवटी जाफना लिहिलं. 'ना'चा काना काढताना रंग ओघळला, तो त्याने स्वतःच्या पांढऱ्या सदऱ्याच्या बाहीने टिपून घेतला.

प्रीती शकूबाईंच्या कानाशी लागली. "आत्या, कोरून का नाही घेतलंस? हा साधा रंग आहे. उडेल हा."

"कोरलेलं होतंच की, प्रीती. चांगलं खोल होतं. एकदा कोरलं की सगळे मोकळे होतात."

दोघांनी काखेत हात घालून गणूशेठला उभं केलं. लोक पुढे येऊन वाचत होते, बोट लावू नका म्हणून दीप्ती पोरांना मागे ओढत होती. गणूशेठ रंगाचे हात तसेच पुढे धरून शकूबाईंसमोर आला. चेहरा धुतल्यासारखा झाला होता.

"मिटलं ना आता आपलं, शकूबाय?"

शकूबाईंनी ब्रश रॉकेलमधे बुडवला, वाटीच्या कडेवर नीट निपटला आणि पाटीवर पडलेल्या उन्हाकडे बघितलं.

"इथे दुपारभर ऊन असतं गणू, आणि पावसाचा सडाका सरळ तोंडावर. पुढच्या ऑक्टोबरापर्यंत निम्मं उडालेलं असेल."

"मंग?"

"मग ये परत. त्याच्या पुढच्या वर्षीही ये." त्यांनी त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं, उतरलेलं पोट, रंगाने माखलेले हात, घामेजलेलं कपाळ. पोरांना घरी सोडताना बोलायच्या तशा मायेने त्या म्हणाल्या, "आणि गोळ्या वेळेवर घेत जा रे बाबा. गोड कमी कर. सकाळी चालत जा. मला तू खूप वर्षं हवा आहेस."